वरूनच बंद आहे

गंगाखेडच्या स्टँडमागं, पंक्चरवाल्याला लागून माझं दुकान.
एक संगणक, एक प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र,
दोन खुर्च्या, त्यातली एक तारेनं बांधलेली.
शटरवर लिहिलंय: सर्व दाखले मिळतील.
मधला शब्द कुणी वाचतच नाही.

दहा वाजता मुंजाजीमामा येतात,
आधी स्क्रीनला हात जोडतात, मग माझ्याकडं बघतात.
"बघ की माय, माझे पैसे येऊन बसलेत का आत."
आत म्हणजे ह्या पेटीत,
कणगीत ज्वारी असते तसे.
मी सांगते, मामा, ह्यात काही नसतं, हे नुसतं दार आहे.
ते मान हलवतात.
मग हळूच वाकून दाराच्या मागं बघून घेतात.

निळकंठ गुरुजींचं उलटं. त्यांना सगळंच ठाऊक.
सदतीस वर्षं विज्ञान शिकवलं.
टॉवरनं चिमण्या मारल्या,
फोन उशाशी ठेवला की मेंदूचं पाणी होतं,
अमावस्येला चार्जिंग लावू नये,
हे सगळं ते मला फोनवरूनच पाठवतात,
पहाटे पाचला, गुलाबाच्या चित्राखाली.
एकदा विचारलं, गुरुजी, ह्याला आधार काय?
म्हणाले, "आधार? तुझ्याकडंच तर काढलं की."

नवा कुणी आला की दारातूनच विचारतो,
"सर नाहीत का?"
शेजारून अन्वरभाई ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता ओरडतात,
"त्याच सर हायत!"
तरी तो थोडा वेळ थांबतो. सरांसाठी.

माझ्या भाच्याला घरात सगळे इंजिनिअर म्हणतात,
कारण त्याची बोटं भराभर चालतात.
त्याच इंजिनिअरनं परवा
बक्षीस लागलंय म्हणणाऱ्या कुणा अनोळख्याला
आईच्या खात्याचा आकडा वाचून दाखवला,
दोनदा, नीट ऐकू यावा म्हणून.

ह्या सगळ्याचं हसू येतं. कौसाबाईचं येत नाही.
वीटभट्टीवर अठरा वर्षं.
अंगठा टेकवला, लाल.
पदराला पुसून टेकवला, लाल.
फुंकर घालून, लाल.
मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं,
"मशीन कशाला खोटं बोलंल? बाईचंच कायतरी असंल."
आणि रांगेला ते पटलं.
मला राग त्याचा नाही आला.
कौसाबाईलाही ते पटलं, त्याचा आला.
ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली,
"बघ बरं बाई, मी मेलेली तर नाही ना त्यात?"

मी खुर्चीवरून उठले.
तिचा हात हातात घेतला, खरकागदासारखा,
रेषा विटांनी कधीच नेलेल्या.
एकेक बोट टेकवत गेले,
उजव्या हाताची पाची, मग डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी,
मधलं, त्याच्या शेजारचं.
रांग जांभया देत होती.
डाव्या करंगळीला हिरवा दिवा लागला.

"बघा," मागचा तोच म्हणाला,
"म्हणलं होतं ना, मशीन खोटं बोलत नाही."

दोन हजारांची पावती घेऊन ती गेली,
करंगळी मुठीत झाकून,
जणू वाटेत कुणी मागून घेईल.

चार वाजता सगळंच थांबलं.
स्क्रीनवर नुसतं चाक, गरगर.
प्रिंटरला मी दोन थापा मारल्या,
"चल गं माझी बाय, एवढा एक कागद दे," म्हणाले,
आणि वर बघितलं तर मुंजाजीमामा उंबऱ्यात.
त्यांनी ऐकलं नाही असं केलं.
"काय झालं गं माय?"
"काही नाही मामा, वरूनच बंद आहे."

त्यांनी आभाळाकडं बघितलं, समजल्यासारखं.
मग मला दिसलं,
माझंही बोट
तिकडंच होतं.