बादली

कळवा. दुसरा मजला, टेबल क्रमांक चार.
"आधी साफ करून घ्या," सर म्हणाले,
"म्हणजे नसा दिसतील."

आम्ही साफ केलं.
फणसाचे गरे काढताना
मधल्या पाती टाकून देतो तशी
चिमट्यानं ओढून काढली पांढरी जाळी,
कातडीखालची पिवळी चरबी, दाणे दाणे,
जिला पुस्तकात अर्धंच पान.
सगळं बादलीत.

स्नायुरज्जू तेवढा ठेवला.
मनगटाच्या वर तो ओढला
तर बोट जरासं वाकलं, बोलावल्यासारखं.
शलाका मागे सरली.
मी कान दुमडून पाहिला. सोडल्यावर
हळूहळू पूर्वीसारखा झाला.
कास्थि मेल्यावरही विसरत नाही.

संध्याकाळी वैतीमामा आले.
बादलीला झाकण, झाकणावर पट्टी, पट्टीवर चार.
"टाकत नाय गो. वर्ष सरलं
का ज्याचं त्याला देतो.
जाताना माणूस पुरा पायजे."

खारीगावला घरी आईचा गुडघा
उठताना कटकन वाजला.
तेलाचा हात वाटीच्या कडेनं फिरवत
मी सांगायला लागले,
हा अस्थिबंध, हा आतल्या बाजूचा,
हा हाडाला हाड...

"नावं राहू दे," ती म्हणाली.
"इथं धर. अजून थोडं खाली."