चौऱ्याण्णव मिनिटं

आंडरनाखच्या चाचणीघरात
आज स्लॅब भट्टीवर चढवला:
साडेचार मीटर लांब, अठरा सेंटिमीटर जाड,
वर वाळूची पोती,
घरातल्या माणसा-सामानाइतक्या वजनाची.

हलकं काँक्रीट. यात नेहमीची खडी नाही,
प्युमिस आहे, ऱ्हाइनकाठच्या शेतांखालून उपसलेला.
तेरा हजार वर्षांपूर्वी इथला डोंगर उतू गेला,
त्याचा हा गोठलेला फेस.
मुठीत घेतला तर निम्मी हवाच हाती येते.
दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो;
हा जन्मलाच पोळलेला, याला फुंकणं माहीत नाही.

सोळावं मिनिट. खाली साडेसातशे अंश.
वर इर्मट्राउट हातमोजा काढून
तळवा टेकवून बघते. गार.
नियमात हे बसत नाही. ती दर वेळी करते.

चाळिसाव्या मिनिटाला स्लॅबला घाम फुटतो,
केसाएवढ्या फटींतून पाणी वर येतं, वाफाळतं.
नवखा लुट्झ दोन पावलं मागे सरकतो.
'असू दे,' ती म्हणते,
'पोटात पाणी आहे तोवर काटा शंभरावर अडून राहील.
ते आटलं, की मग खरं.'

फटीवर कापसाची गादी धरायची, तीस सेकंद.
पेटली नाही.
कडेला जराशी पिवळी झाली फक्त,
इस्त्री विसरलेल्या सदऱ्यासारखी.

वरच्या मजल्यावरच्या हेडविगबाई, वय एकोणनव्वद.
गेल्या हिवाळ्यात खोटी घंटा वाजली तेव्हा
इर्मट्राउटनं घड्याळ न दाखवता मोजलं होतं:
गाउन, काठी, मांजराची पेटी,
अर्ध्या जिन्यातून परत, चष्म्यासाठी,
मग किल्ली कुठे आहे ते आठवणं.
रस्त्यावर पोचेतो एकोणीस मिनिटं.

चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला
सात नंबरचा काटा मर्यादा ओलांडतो.
बर्नर बंद. मधोमध चार बोटं झोल.
लुट्झ खूश, नव्वद तर हवी होती.
ती आकडा लिहिते, सही करते.
चौऱ्याण्णवातून एकोणीस वजा करायला
तक्त्यात रकाना नाही.

तिचं घर एकोणीसशे आठचं.
तिच्या आणि हेडविगबाईंच्या मधे
लाकडी तुळया, गवताचा गिलावा,
आणि पोकळीत भरलेली
कुठल्याशा भट्टीची राख.
त्याची चाचणी कुणी घेतलेली नाही.

रात्री वर काठी वाजते,
पलंगापासून नळापर्यंत.
ती मोजत पडते.