वास: नाही

भिंतीवर खिळ्याला टांगलेली वही,
दोरीनं बांधलेलं पेन.
सकाळी मशीन सुरू करण्याआधी भरायचे पाच रकाने:
झाकणाचं रबर, पंखा, पिंपाचं बूच, हातमोजे,
आणि शेवटचा,
द्रावणाचा वास येतो का?

दस्तगीरमामा अकरा वर्षं लिहीत आले: नाही.
रोजाच्या दिवशी नाही,
लग्नसराईत नाही,
शाहूपुरीत पुराचं पाणी चढलं
त्याच्या आदल्या सकाळीही, तिरक्या अक्षरात, नाही.
खाली माझी सही. तपासले.

मी काय तपासलं?
रकाना भरलाय का, एवढंच.

पूर्वी मामा डाग नाकानं वाचायचे.
बाही नुसती नाकाशी धरली की सांगायचे,
ह्यो तांबडा रस्सा,
ही शिरोलीच्या फाउंड्रीतली काळी,
आणि हे अत्तर, पण घरातलं न्हवं, ताई.
आम्ही हसून लोळायचो.
मग कधीतरी विचारायला लागले,
'कसला डाग हाय ह्यो?'
मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला.
नवीन चष्म्याचे आठशे मीच दिले.
हिशेबाच्या वहीत आहेत ते.

मंडळाच्या ऑफिसातून माणगावेबाई आल्या,
पोरसवद्या, डोक्यावर अजून हेल्मेट.
चहा नंतर, म्हणाल्या.
पिशवीतून मीटर काढलं
आणि ते उंबऱ्यातच टिटवीसारखं ओरडायला लागलं.
मशीनच्या मागं गेल्यावर तर थांबेचना.
त्यांनी वही बघितली. मीटर बघितलं.
'हे कुणी लिहिलं?'
मामा पुढं झाले.
'मी. त्यात एक अक्षर खोटं न्हाई.'

बाई तापल्या होत्या, त्या एकदम गप्प झाल्या.
पर्समधून छोटी डबी काढून
मामांच्या नाकाखाली धरली.
'कसला वास येतोय?'
मामांनी खाली डबीकडं बघितलं.
बघितलं, बरं का.
'पिवळं हाय,' म्हणाले, 'म्हंजे बाम असणार.'

नोटीस आली. सात दिवस शटर खाली.
रबर बदललं. दीड बोटाची फट होती,
तिथून अकरा वर्षं गोडसर काहीतरी झिरपत होतं
आणि गिऱ्हाइकं म्हणायची, कशी स्वच्छ वाटतात तुमची कापडं!
आप्पा तर गाळ रात्री गटारीत ओतायचे,
गटार जयंती नाल्यात, नाला पंचगंगेत,
पुढं कुणाच्या हंड्यात, ते आप्पांनी विचारलं नाही,
मीही नाही.
आता पिंपावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख,
गाडी येते, पावती देऊन जाते.
जुनी वही पाच वर्षं जपून ठेवा, असं कळवलंय.
ठेवलीय. कपाटात, आप्पांच्या फोटोमागं.

परवा एक वकील कोट न्यायला आले.
पिशवीतून काढून हुंगला.
'धुतलाय का नुसती इस्त्री मारलीय?
वासच नाही.'
मी पावती पुढं सरकवली.
त्यांनी आणखी एकदा हुंगून बघितला.

मशीनवर आता उस्मान असतो, पुतण्या.
शेवटच्या रकान्यात शब्द नाही, आकडा लिहितो.
मामा घडी घालायला बसतात, खिडकीपाशी,
डॉक्टरनं सांगितलंय तसे.
पण सकाळी आल्याबरोबर अजून मशीनपुढं उभे राहतात,
मान लांब करून एक श्वास घेतात,
मग मला, 'किती म्हणतंय?'
मी आकडा सांगते.
ते मान हलवतात, जणू त्यांनाही तेवढंच वाटलं होतं.

उद्या उचगावचं लग्न. अठ्ठेचाळीस फेटे,
मागच्याच मांडवातून आलेले, तसेच गुंडाळलेले.
मामा एक उलगडतात, उजेडात धरतात,
चष्मा वर करतात.
'पिवळं हाय,' म्हणतात.
'हळद?'
'हळदच, मामा.'