बारा अंश

चेंदणी कोळीवाड्यात हसुराम वैती अक्षरं रंगवायचा.
अक्षराची जात एकच:
जाड, तिरकी, पोट भरलेली,
टोकाला नखासारखी निमुळती.
हातात बोरू नव्हे, सपाट ब्रश,
पण वळणावर मनगट असं फिरायचं
की ‘व’च्या गोलात रंग आपोआप दाटायचा
आणि बाहेर पडताना केसाएवढा उरायचा.

शाळेतून येताना मी तिथे थांबायचे.
आधी शिरोरेषा.
दोरी ताणून, खडूचा एक फटका, पाणसळीत.
तिला कलायची मुभा नाही.
खालचं सगळं मात्र झुकलेलं,
वलांडीवर टांगलेले बोंबील
खाडीचा वारा सुटल्यावर
एकाच बाजूला जातात, तसं.

“तिरकं का?” मी विचारलं एकदा.
“नाल बग पोरी, होरीची नाल तिरपी.
उबा अक्षर तिच्यावर मागं परल्यासारका दिसतं.
ह्यो कलता,
म्हनून पान्यावर सरल दिसतं.”

मग खाडी गाळाने भरत गेली.
होड्या कमी झाल्या, अक्षर काठावर चढलं.
जांभळी नाक्यावर साड्यांच्या दुकानात ‘भव्य’,
रसवंतीच्या गाड्यावर ‘थंडगार’,
कबड्डीच्या कमानीवर कुणाच्या तरी नावाचा चषक.
होडी सुटली, झुकणं राहिलं.
त्यात पत्र लिहिता येत नाही,
तिसऱ्या ओळीला डोळे धापा टाकतात.
औषधाच्या बाटलीवर ते थाप मारतंय असं वाटतं.
एका शब्दापुरतं ते खरं,
फार तर दोन.

कोपरीला माझं फ्लेक्सचं दुकान आहे.
त्याच्या जुन्या पाट्यांवरून एकेक अक्षर मी उतरवून घेतलंय.
लोक म्हणतात, कशाला एवढी खटपट,
सरळ अक्षर बारा अंश ढकल की झालं.
ढकलून बघितलंय.
गोल चेपतात, जाडी भलतीकडे जाते,
‘क’ लंगडतो.
ढकललेला माणूस आणि चाललेला माणूस
लांबूनही वेगळे ओळखू येतात.

परवा देवानंद आला, त्याचा मुलगा.
“दहाव्याचा बोर्ड. फोटो डावीकडे.
अक्षर उभं ठेव. बाबांचं नको,
ते सेल लागल्यासारखं दिसतं.”

खरंच होतं ते. उभं ठेवलं.
कै. हसुराम धर्मा वैती.
पडद्यावर कुणी दुसराच येऊन उभा राहिला,
बँकेत तीस वर्षं काढलेला,
गुडघ्यापर्यंतही कधी न भिजलेला.
फोटोतला माणूस त्याच्याकडे
अनोळखी नजरेने बघत होता.

देवानंदने खुर्ची पुढे ओढली.
“लावून बघ त्यांचं. नुसतं नावाला.”
तारीख, पत्ता, शोकाकुल परिवार
सगळं उभंच राहू दिलं.
नाव तेवढं बदललं.
ते पुढे झुकलं आणि ‘ती’ची वेलांटी
चौकटीच्या बाहेर बोटभर गेली.

“आत घेऊ?”
“नको.”
बराच वेळ पंख्याचाच आवाज.
“साइज काय होईल?”
“सहा बाय दीड करता येईल, फोटो लहान केला तर.”
“होरीची पाटी एवढीच असायची,” तो म्हणाला
आणि पाकीट काढायला
जरा कलला.