पाण्यात जहाज, बाहेर मोल

उश्वायाच्या चढावर माझं दुकान:
एक टेबल, एक हीटर, एक पांढरा फळा.
फळ्यावर जहाजांची नावं, सुटायच्या तारखा,
आणि शेवटच्या रकान्यात आकडे,
जे मी बाहीनं पुसते.

या देशात सगळं चढतं.
पाव चढतो, घरभाडं चढतं,
सकाळचं पेट्रोल दुपारी ओळख देत नाही.
उतरतं ते एवढंच:
दक्षिणेला निघालेल्या जहाजातला
न विकलेला बिछाना.
संध्याकाळी टोपलीत उरलेल्या खेकड्यासारखा;
उद्या त्याला मांजरही हुंगणार नाही.

परदेशी पोरं हॉस्टेलात शेवया उकडून खातात,
दिवसातून तीनदा फळ्यासमोर येऊन उभी राहतात.
थांबू का अजून?
थांबलात तर उतरेल, मी म्हणते,
फार थांबलात तर सुटेल.
याहून खरं मला काही ठाऊक नाही.

एव्हारिस्तो ओयार्सून मात्र गावातलाच.
धक्क्यावर एकतीस वर्षं.
त्याच जहाजांत त्यानं बटाटे चढवले,
अंडी, वाइनची खोकी, टॉयलेट पेपर;
दोर बांधले, दोर सोडले,
आणि बर्फ पाहिला तो
परत आलेल्यांच्या फोनमध्ये.
निवृत्त झाला, पिकअप विकली,
बिस्किटांच्या डब्यात चार हजार डॉलर ठेवले
आणि रोज सहाला दारात टोपी काढू लागला.
"आज कितीला, बाई?"

अकरा हजार.
नऊ.
सात हजार आठशे.
घासाघीस त्याला येत नव्हती.
आकडा ऐकायचा
आणि खिडकीतून जहाजाकडे असा बघायचा
जणू तेच लाजून काही कमी करेल.
एकदा पाच हजार सहाशेपर्यंत आलं:
तळमजला, खिडकी नाही, खाली इंजिन.
त्यानं डब्यावर बोटं वाजवली.
तेवढ्यात दोन कोरियन मुली आल्या
आणि मी बाही वर केली.

मार्च आला. शेवटची फेरी.
दुपारी फोन: ड्रेस्डेनची एक शिक्षिका
ग्लेशियरच्या वाटेवर घसरली,
घोटा दोन जागी मोडला.
तिची जागा रिकामी, गोल खिडकीसकट,
जहाज उद्या पाचला,
मिळेल ते घ्या.

फळ्यावर मी ते लिहिलंच नाही.
बाहेर तीन पोरं काचेला नाक लावून उभी होती,
त्यांच्याकडे पाठ करून मी नंबर फिरवला.
हा माझा लबाडपणा, इथे नोंदवून ठेवते.

तीन हजार नऊशे.
त्यानं नोटा दोनदा मोजल्या,
मग विचारलं, "ही जागा रिकामी का झाली?"
मी सांगितलं.
त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली.
"म्हणजे तिचा पाय मोडला म्हणून मला स्वस्त."

कुणाचं काहीतरी मोडल्याशिवाय
भाव पडत नाही, डॉन एव्हारिस्तो,
असं मी म्हणाले नाही;
हे मला आत्ता सुचतंय.
तेव्हा म्हणाले, सही करा,
हीटर बंद करायचाय.

तो हॉस्पिटलात गेला म्हणे, संत्री घेऊन.
तिला स्पॅनिश येईना, त्याला जर्मन.
तासभर बसला.
तिनं त्याला भाड्यानं घेतलेले लाल बूट देऊ केले,
दोन नंबर लहान,
आणि स्वतःची दुर्बीण.
बूट त्यानं परत ठेवले.

दुसऱ्या दिवशी पाचला मी धक्क्यावर होते.
दोर सोडायला कुणी नवीन पोरगा होता,
कानात गाणी घातलेला.
जहाज हललं. सगळे पुढे, दक्षिणेकडे तोंड करून,
कॅमेरे उंच धरून.
एव्हारिस्तो एकटा मागच्या कठड्याशी,
दुर्बीण डोळ्यांना लावलेली,
आमच्याच दिशेला.
मी हात हलवला.
त्याचं लक्ष नव्हतं.
तो बघत होता
पोरानं दोर नीट गुंडाळला का.