प्रश्न क्रमांक अकरा

कासच्या पठारावर, दुसऱ्या फाटकापाशी
मी उभा असतो, क्लिपबोर्ड पिशवीत घालून,
टोपीवरून नाकावर येणारं पाणी पुसत.
अकरावा प्रश्न असा:
हे पठार असंच राहावं म्हणून
तिकिटावर आणखी किती रुपये द्याल?
खाली चौकटी. काही नाही. वीस. पन्नास. शंभर.
त्याहून जास्त असल्यास आकडा लिहा.

एका भरलेल्या फॉर्ममागे मला अठरा रुपये मिळतात.
हे कुणी विचारत नाही.

चिंचवडच्या एका गृहस्थांनी पाचशे लिहिले,
आकड्याखाली दोनदा रेघ ओढली
आणि तसेच वळून कणीसवालीला म्हणाले,
चाळीस? तीसनं लाव, दोन घेतो.
हेही टिपावंसं वाटलं,
समासात जागा नव्हती.

नवीन लग्नाची जोडी. त्यानं शंभरावर खूण केली.
ती म्हणाली, पैसे जातात कुठं ते आधी सांगा.
समितीकडे, मी म्हणालो. त्यापुढचं मलाही ठाऊक नव्हतं.
मग वीस, ती म्हणाली,
आणि त्याच्या शंभराकडे असं पाहिलं
की त्यानं पेन परत मागितलं.

एक मुलगी, लाल छत्री, कॅमेऱ्याकडे पाठ:
दोनशे देते, पण हे कुंपण काढा,
फोटोत येतं.

आणि एक कोल्हापूरचा, एकटाच आलेला.
'काही नाही'वर ठळक फुली.
मग गुडघे ओले करून
सीतेच्या आसवांसमोर बसला
अर्धा तास तरी, काही न काढता, नुसता.
जाताना वाटेतली तीन वेष्टनं खिशात कोंबली, परक्यांची.
माझ्या तक्त्यात तो सगळ्यात वाईट पर्यटक आहे.

दोनला धुकं उतरलं.
सोनकी गेली, तेरडा गेला, फाटकही गेलं,
आणि फुलं दिसत नाहीत म्हणून
लोक पैसे परत मागू लागले.

तेव्हा हौसाबाई जांभळे येऊन टेकल्या
जांभ्या दगडावर, प्लास्टिकची खोळ सावरत,
शेजारी बाटल्यांचं पोतं.
काय इचारतोस रं समद्यास्नी सकाळधरनं?
मी सांगितलं.
आन किती म्हंत्यात?
सरासरी बहात्तर.
त्या हसल्या, मग खोकल्या, मग परत हसल्या.

हितं माज्या म्हशी चरायच्या.
ह्या तारंच्या आत, तू हुबा हाईस तितं.
खुराच्या खड्ड्यात पानी साचायचं
आन त्या पान्यात गेंद फुटायचा, ढीग.
तवा कुनी बगाय येत नव्हतं, म्हून काय फुलत नव्हतं व्हय?
त्यास्नी इचारतोस किती देशीला.
आमास्नी इचार की, किती घेशीला.

तसा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.
तरी मी विचारलं. किती घ्याल?

त्या खूप वेळ काही बोलल्या नाहीत.
तेरड्याचं एक भरलेलं बोंड चिमटीत धरलं,
ते फट्कन उलटलं,
बिया माझ्या ओल्या कागदावर.
येरवाळी ये एकदा, म्हणाल्या, गाड्या यायच्या आदी.
मंग इचार.
आणि पोतं उचलून धुक्यात गेल्या.
बाटल्यांचा आवाज तेवढा बराच वेळ येत राहिला.

मी कोऱ्या पाठीवर लिहिलं:
हौसाबाई जांभळे, एकीव. वय विचारायचं राहिलं.
रक्कम, आणि पुढे काही नाही.

संध्याकाळी साताऱ्यात, पोवई नाक्यावरच्या खोलीत
सर संगणकावर आकडे चढवत होते.
हा रकाना रिकामा घेत नाही, ते म्हणाले, शून्य टाकू.
शून्य टाकलं तर त्याचा अर्थ फुकट होतो, सर.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
कागदाला चिकटलेली बी नखानं उडवली.
उद्या रविवार आहे, म्हणाले,
फॉर्म जास्त घेऊन जा.