कुऱ्हाडे सापडत नाहीत

खानापूर, स्टेशन रोड, पतसंस्थेचा वरचा मजला.
लुमाण्णा कुऱ्हाडे बाकावर बसलेत,
छत्री मांडीवर आडवी, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत,
आणि पडद्यावर त्यांच्याबद्दल एकच ओळ :
सभासद आढळला नाही.

‘मी इथंच हाय न्हवं बाई?’

पुन्हा टाइप करते. आढळला नाही.
यादी उघडून बोटानं खाली खाली गेले,
तर क्रमांक चारशे अकरा : कुऱ्हाडे लुमाण्णा भरमाण्णा.
तेच नाव. ‘ह’ला चिकटलेली
तीच पापणीसारखी वाकडी रेघ.
मशीन म्हणतं, हे दोघे वेगळे.

बेंगळूरला तक्रार लावली होती. चार दिवसांनी उत्तर :
आमच्याकडे व्यवस्थित चालतंय.
आमच्याकडे म्हणजे बाराव्या मजल्यावर, काचेआड,
जिथे कुणाचंच आडनाव कुऱ्हाडे नाही.
खाली लिहिलं होतं, नवीन आवृत्ती घ्या,
दर साल, दर माणशी इतके, वर कर.
मग तक्रार त्यांनीच बंद केली
आणि मलाच विचारलं, पाचपैकी किती तारे?

चॅटबॉटनं आधी कौतुक केलं.
फार चांगला प्रश्न आहे, म्हणाला.
मग चाळीस ओळी दिल्या, सुबक, टिपांसकट,
त्या चालवल्या तर कुऱ्हाडे नाहीतच,
पाटलांच्या पाटीत कांबळेही गायब.
चूक दाखवली. म्हणाला, तुमचं अगदी बरोबर आहे,
आणि त्याच चाळीस ओळी पुन्हा दिल्या.
इतक्या नम्रपणे न ऐकणं
मी लग्नाच्या बैठकीतसुद्धा पाहिलं नव्हतं.

शेवटी जुनी रीत. नाव फोडलं, तुकडे मोजले.
एक कुऱ्हाडे भरला आठ, दुसरा नऊ.
जादाचा एक दिसत नाही, छापत नाही,
त्याला रुंदीच नाही.
काम एवढंच, शेजारच्या दोघांना धरून ठेवायचं.
कुणीतरी कधीतरी दुसऱ्या कळफलकावर
त्याच्यासकट टाइप केलं असणार.
आमच्या तालुक्याला रुंदी नसलेल्या रेघा नव्या नाहीत,
पण जोडणारी ही पहिलीच बघितली.

मग शोधाचा कोड उघडला.
वर लिहिणाऱ्याची आद्याक्षरं, बारा वर्षांपूर्वीची तारीख.
माझी.
तेव्हा मी त्याच बाराव्या मजल्यावर होते.
चाचणीला दोन नावं घातलेली, अबक आणि टेस्ट टेस्ट,
दोन्ही सापडली, शुक्रवार होता,
बेळगावची रात्रीची बस पकडायची होती.
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ,
आडनाव समोर असून मला म्हण आठवली नव्हती.

एक ओळ घातली : शोधण्याआधी
दोन्ही नावं एका वळणावर आणा.
चारशे अकरा लगेच उगवले.

‘काय बिघडलंतं?’
‘माझ्याकडनंच राहिलं होतं, काका.’
ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
ठेव मोडायची होती त्यांना.
नात बेळगावात कॉम्प्युटर सायन्सला लागलीय,
लॅपटॉप पाहिजे, कसला घ्यावा?
आणि शिकल्यावर बेंगळूरला नोकऱ्या हाईत न्हवं?

गेल्या साली माझ्या जुन्या टीमला
रात्री अडीचला मेल गेला, चौतीस जणांना.
सकाळी पासवर्ड चालेनात.
आभारही मानले होते त्यात, नाव न घेता.

मी म्हटलं, जाहिरातीतला नको, वापरलेला चालेल,
बॅटरी बघून घ्या,
कीबोर्डवर पाणी सांडू नये म्हणावं,
आणि रॅम वाढवून घ्या, सोळा.

‘सोळा,’ ते म्हणाले. पेन मागितलं,
चष्मा कपाळावरून खाली ओढला
आणि पासबुकाच्या मागच्या पानावर
सावकाश लिहून घेतलं :
सोळा जीबी ऱ्याम.
पापणीसकट.